बोव्हे कॅथेड्रलचा छेद : सुट्या ठोकळ्यांच्या प्रतिकृतीच्या नोंदी

3 जून 2024

विषय ठरला. उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे गावच्या सँ-प्येर कॅथेड्रलच्या क्वायरचा आडवा छेद, प्रमाण 1:40. सगळे ठोकळे सुटे. गोंद, खिळा, डोवेल काही नाही. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी हा छेद हाताने रचायचा, मुद्दाम पाडायचा आणि पुन्हा रचायचा.

शार्त्र किंवा आमियें घेतले असते तर चित्रे, मोजमापे, सगळे जास्त सहज मिळाले असते. पण ती कॅथेड्रल उभी राहिली. बोव्हे दोनदा कोसळले, 1284 मध्ये क्वायरची छतकमान आणि 1573 मध्ये मधला मनोरा. दगडी बांधकाम कसे चालते हे शिकायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. त्यातही ही दोन कोसळणी वेगवेगळ्या कारणांनी झाली, आणि बहुतेक लिखाणात ती एकाच वाक्यात गुंडाळलेली असतात: फार उंच जायचा हट्ट धरला, म्हणून पडले. उंचीने अडचणी वाढवल्या यात शंका नाही. पण निकामी नेमके काय झाले हे सांगायला ते वाक्य पुरत नाही. हा फरक हातात ठोकळे घेऊन कळावा, यासाठी हे काम.

शब्द आधी ठरवून घेतले. क्वायर म्हणजे वेदीभोवतीचा पूर्वेकडचा भाग, धर्ममंडळी जिथे बसतात तो. नेव्ह म्हणजे पश्चिमेकडचे लांब दालन, भाविकांचे. दोहोंच्या मधून आडवे जाणारे बाहू म्हणजे ट्रान्सेप्ट. फ्लाइंग बट्रेस, म्हणजे भिंतीचा रेटा बाहेरच्या आधारखांबाकडे नेणारी तिरकी अर्धकमान, हा शब्द तसाच ठेवला. लोक तेच म्हणतात.

मागच्या फळीवर उंचीच्या तीन रेषा आखल्या. शार्त्रची छतकमान जमिनीपासून सुमारे 37 मीटर, म्हणजे साडेब्याण्णव सेंटिमीटर. आमियें 42.3 मीटर, म्हणजे 106. बोव्हे 48.5 मीटर, म्हणजे 121. कागदावर हे आकडे जवळजवळचे दिसतात. फळीवर आमियें आणि बोव्हेच्या मधली वीतभर जागा लगेच डोळ्यांत भरते.

9 जून

इतिहासाच्या फलकाचा मजकूर पक्का केला. विद्यार्थ्यांना तारखा पाठ करायच्या नाहीत, पण कामाचा क्रम कळला नाही तर इमारत कळणार नाही.

1225 मध्ये जुन्या कॅथेड्रलला आग लागली. बिशप मिलों द नांतय आणि चॅप्टर (कॅथेड्रलचे धर्ममंडळ) यांनी आपापल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दहा वर्षे बांधकामाला द्यायचे ठरवले आणि काम पूर्वेकडून, क्वायरच्या बाजूने सुरू झाले. पुढे मिलोंचे राजाशी बिनसले, काम रेंगाळले. नंतरच्या बिशपांच्या काळात ते वर चढत गेले. 1272 मध्ये क्वायरमध्ये उपासना सुरू झाली. बारा वर्षांनी, नोव्हेंबर 1284 मध्ये, सरळ भागातली छतकमान खाली आली. दुरुस्ती चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात बराच काळ चालली. मग शंभर वर्षांचे युद्ध, प्लेग, पैशांची चणचण. ट्रान्सेप्टला हात लागला तो थेट 1500 मध्ये, मार्तँ शांबिज या नामवंत बांधकाममास्तराच्या हाताखाली. 1548 च्या सुमारास ट्रान्सेप्ट पुरा झाला. नेव्ह बांधायच्या ऐवजी मध्यावर मनोरा चढवला गेला. 1569 मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा टोक जमिनीपासून 153 मीटरवर होते. 30 एप्रिल 1573 रोजी तो कोसळला. त्यानंतर छत दुरुस्त झाले, पश्चिमेचे तोंड तात्पुरत्या भिंतीने बंद केले गेले आणि ती भिंत आजही तिथेच आहे.

एक गोष्ट फलकावर ठळक घेतली. गॉथिक कॅथेड्रल बांधताना जुनी इमारत एकदम पाडत नसत. नवे काम पुढे सरकेल तसे जुने पाडायचे, म्हणजे उपासना बंद पडत नाही. बोव्हेला नवे नेव्ह आलेच नाही. त्यामुळे दहाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या जुन्या कॅथेड्रलचा पश्चिम भाग, ज्याला बास-अव्र म्हणतात, तो जागच्या जागी उभा आहे. त्याच्या भिंतीतले लहान चौकोनी चिरे रोमन काळातल्या बांधकामातून काढून पुन्हा वापरलेले आहेत. बाजूला उभे राहिले की एका नजरेत दोन्ही दिसतात: बुटके जुने नेव्ह आणि त्याच्या मागे भिंतीसारखे सरळ वर गेलेले नवे ट्रान्सेप्ट.

17 जून

छेदाची मापे. मुख्य दालनाची रुंदी खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे 15 मीटर, मॉडेलमध्ये साडेसदतीस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दोन-दोन पडव्या. आतली पडवी बाहेरच्या पडवीपेक्षा उंच, इतकी की तिला स्वतःच्या वरच्या खिडक्या आहेत. त्यामुळे फ्लाइंग बट्रेस एका उडीत बाहेरच्या जाड आधारखांबापर्यंत जात नाही. दोन उड्या घेतो. पहिली उडी मुख्य भिंतीपासून मधल्या उभ्या खांबापर्यंत, दुसरी तिथून बाहेरच्या आधारखांबापर्यंत.

हा मधला उभा खांब छेदातली सगळ्यात महत्त्वाची जागा. तो दोन पडव्यांमधल्या खांबाच्या वर चढवला आहे, पण वरचा अक्ष खालच्या अक्षावर नेमका येत नाही. थोडा सरकलेला आहे. वरून आलेला भार खालच्या खांबात मध्यातून न शिरता एका कडेने शिरतो. ड्रॉइंगमध्ये हा सरक बारीक वाटतो, म्हणून ठोकळे कापण्याआधी दोन्ही अक्ष लाल आणि निळ्या रेघेने वेगळे काढून ठेवले. कापणाऱ्याने "चूक दिसते" म्हणून ते एका रेषेत आणू नयेत.

मॉडेलची जाडी 54 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात 2.16 मीटर. पण 1284 पूर्वी दोन खांबांमधले अंतर आठ-नऊ मीटर होते आणि तेवढ्या रुंदीच्या छताचे वजन एका खांबावर येत होते. म्हणजे कमानीवर तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज जादा भार टांगावा लागणार. त्यासाठी लोखंडी छऱ्यांच्या कापडी पिशव्या, कमानीच्या खांद्यांवरून दोरीने लोंबत्या.

18 जून

कालच्या चर्चेतला प्रश्न: एवढ्या लहान मॉडेलवरून एवढ्या मोठ्या इमारतीबद्दल बोलता येते का? दगडी बांधकामाच्या बाबतीत येते, आणि त्याचे कारण फलकावर हिशेबासकट द्यायचे आहे.

चुनखडीच्या दगडाचे वजन घनमीटरला सुमारे 2200 किलो धरू. साडेअठ्ठेचाळीस मीटर उंचीच्या सरळ खांबाच्या पायथ्याशी स्वतःच्या वजनाने येणारा दाब चौरस मिलिमीटरला सुमारे 1 न्यूटन भरतो. साधारण बऱ्या दगडाची चिरडण्याची ताकद याच्या कित्येक पट असते. छत, छप्पर, भिंत यांचे वजन मिळवले तरी अंतर मोठेच राहते. म्हणजे दगड चिरडून इमारत पडत नाही. ती पडते तेव्हा भाराची वाट दगडाच्या बाहेर गेलेली असते. कमान किंवा खांब कडेवर टेकून बिजागरीसारखा फिरतो, बिजागऱ्या पुरेशा झाल्या की सगळे कोसळते. हा प्रश्न आकाराचा आणि प्रमाणांचा आहे, ताकदीचा नव्हे. सगळी मापे चाळीस पटींनी लहान केली तरी भाराची वाट तीच राहते. केंब्रिजचे अभियंते जॅक हेमन यांनी विसाव्या शतकात ही मांडणी नीट गणितात बसवली. मध्ययुगातले गवंडी प्रमाणांच्या नियमांनी बांधत होते, ते याच कारणाने चालत होते.

लाकडी ठोकळ्यांचे वजन दगडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके आहे, हेही त्यामुळे आड येत नाही. सगळे सारख्या प्रमाणात हलके आहे, एवढे पुरे.

26 जून

साखळीची चाचणी. लोंबती साखळी फक्त ताण घेते; तिचा आकार उलटा केला की फक्त दाब घेणारी कमान मिळते. हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1675 मध्ये लिहून ठेवले होते आणि रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला तडे गेले तेव्हा इटालियन गणितज्ञ पोलेनी यांनी अठराव्या शतकात तपासणीसाठी हीच युक्ती वापरली.

पद्धत अशी. मुख्य कमानीचा छेद उभ्या पट्ट्यांत वाटायचा. प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ काढायचे, त्यात खांद्याच्या खोबणीत भरलेल्या चुना-दगडगोट्याचे वजन मिळवायचे. त्या प्रमाणात एम-6 नट दोऱ्याला अडकवायचे. एक नट साधारण अडीच ग्रॅमचा, त्यामुळे हिशेब सोपा जातो. दोरा बिनताणाचा हवा: मासेमारीचा वेणीचा चालतो, नायलॉनचा एकेरी चालत नाही, कारण तो गुंडाळीचा बाक सोडत नाही आणि हलक्या भाराखाली वळण खोटे येते. मागे आलेखाचा कागद, समोर कॅमेरा त्याच उंचीवर, लांबून. जवळून फोटो काढला तर कडांना माप सुटते.

फोटो उलटा करून छेदावर बसवला. भाराची रेषा कमानीच्या जाडीतून जाते, पण खांद्यापाशी बाहेरच्या कडेकडे झुकते. तिथे भरावा काढून टाकला तर रेषा बाहेर पडते. छताच्या वरून पाहिले की खोबणीतला तो ओबडधोबड भरावा निव्वळ अडगळीसारखा दिसतो. तो काढू नये हे सांगायला हा एक फोटो पुरेसा आहे.

टोकदार कमानीचा फायदाही इथेच दाखवता येतो. आडवा रेटा ढोबळमानाने भार गुणिले गाळा (कमानीच्या दोन पायांमधले अंतर), भागिले कमानीची उंची, आणि त्याचा आठवा भाग. अर्धवर्तुळाची उंची गाळ्याच्या निम्मी असते. समभुज टोकदार कमानीची गाळ्याच्या 0.87 पट. त्याच भाराला रेटा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतो. पण संपत नाही. उरलेल्या रेट्यासाठीच बाहेरची सगळी उस्तवार.

6 जुलै

साहित्य. 18 मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) तीन थर चिकटवून 54 ची जाडी, मग सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणीयंत्रावर, कापणी. पावसाळ्यात एमडीएफ कडेने पाणी ओढतो आणि फुगतो. कापलेल्या कडा त्याच दिवशी सीलरने बंद केल्या नाहीत तर दोन दिवसांत सांधे बसत नाहीत. पातळ केलेला सीलर दोन हात, मध्ये हलका पॉलिशपेपर. ठोकळे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

घर्षण हा दुसरा मुद्दा. सीलर लावलेला एमडीएफ गुळगुळीत होतो आणि ठोकळे बिजागरीसारखे फिरण्याआधीच घसरतात. खऱ्या दगडी सांध्यात घसरणे सहसा आधी येत नाही. म्हणून प्रत्येक सांध्याच्या एका बाजूला 120 नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला. त्याची जाडी गोंदासह अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास; वीस सांध्यांच्या कमानीत सेंटिमीटरभर फरक पडतो आणि चावीचा दगड, म्हणजे माथ्यावरचा शेवटचा ठोकळा, बसत नाही. ड्रॉइंगमध्येच प्रत्येक ठोकळ्यातून तेवढी जाडी वजा करायची.

11 जुलै

सगळ्या ठोकळ्यांना पाठीमागे क्रमांक. डावी बाजू ड, उजवी उ. आकार जवळपास सारखे असल्याने क्रमांकाशिवाय रचणी अशक्य.

28 जुलै

रचणीचा क्रम पक्का झाला. मध्ययुगातल्या क्रमाशी तो बराच जुळतो, आणि ते मुद्दाम आहे.

आधी मुख्य खांब आणि बाहेरचे आधारखांब, दर चार थरांनी ओळंबा. मग पडव्यांच्या कमानी. मग मधले उभे खांब. फ्लाइंग बट्रेस त्यांच्या लहान साच्यांवर (कमान पुरी होईपर्यंत तिला खालून धरणाऱ्या तात्पुरत्या आधारांवर) रचायचे, पण साचे लगेच काढायचे नाहीत. त्यानंतर मुख्य भिंतीचा वरचा भाग आणि त्यावर लाकडी छप्पर. उत्तर युरोपात छतकमान बांधण्याआधी छप्पर चढवत. त्याने पावसापासून आडोसा मिळतो, भिंतींवर वजन येते आणि सामान वर ओढायची सोय होते. सगळ्यात शेवटी मुख्य कमानीचा साचा, कमानीचे दगड दोन्हीकडून सारखे, आणि चावी.

साचा पाचरींवर बसवलेला आहे. उतरवताना दोन्ही बाजूंच्या पाचरी आळीपाळीने, मिलिमीटर-मिलिमीटरने सैल करायच्या. एका बाजूची पाचर एकदम काढली की कमान त्या अंगाला बसते आणि दुसरा खांदा वर उचलला जातो.

साचा सुटतो तो क्षण जवळून बघण्यासारखा आहे. कमान किंचित खाली बसते, खांब किंचित बाहेर सरकतात. चावीच्या शेजारचा एक सांधा खालून उघडतो. वरची कड घट्ट मिटलेली, खालून व्हिजिटिंग कार्ड सहज आत जाते. खांद्यापाशी याच्या उलट: तिथे आतली कड मिटते आणि बाहेरची उघडते. तीन बिजागऱ्या झाल्या आणि कमान तरीही उभी आहे. विद्यार्थ्यांना इथे दोन मिनिटे थांबवायचे. तडा म्हणजे संकट असे आपण काँक्रीटच्या सवयीने धरून चालतो. दगडी कमान बदललेल्या गाळ्याशी असेच जुळवून घेते. जुन्या कॅथेड्रलांच्या छतांना भिंतीशी समांतर गेलेले तडे शतकानुशतके तसेच आहेत. चौथी बिजागरी आली तर मात्र पळावे.

14 ऑगस्ट

1284 चा फलक. या कोसळण्याबद्दल एकमत नाही, आणि फलकावर एकच कारण लिहून मोकळे होणे बरोबर नाही. दोन मांडण्या ठोकळ्यांत दाखवता येतात.

पहिली एकोणिसाव्या शतकातली, फ्रेंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांची. मुख्य भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, फ्लाइंग बट्रेस जिथे टेकतो त्याच्या खाली, सडसडीत जोडखांब होते, उंच अखंड दगडांचे. त्यांच्या मागचा मुख्य खांब मात्र अनेक थरांचा, प्रत्येक थरात चुन्याचा सांधा. जाड बांधकामातला चुना आतपर्यंत कडक व्हायला वर्षानुवर्षे लागतात. तोवर तो भाराखाली दबत राहतो. थरांचा खांब बसत गेला. अखंड दगडाच्या जोडखांबात सांधेच नाहीत, तो बसणार कुठून? हळूहळू मुख्य खांबाचा भार जोडखांबावर सरकला, ते मोडले, वरचा दगड कलंडला आणि फ्लाइंग बट्रेसचे डोके अधांतरी झाले.

मॉडेलमध्ये हे असे केले आहे: मुख्य खांबाच्या प्रत्येक सांध्यात पातळ फोमची चकती, जोडखांबाच्या जागी पेन्सिलीइतकी अखंड लाकडी काठी. फोम लावलेला खांब भार चढताच खाली बसतो आणि काठी वाकू लागते. फोम दोन मिलिमीटरपेक्षा जाड घेऊ नये. सगळा खांबच डुलायला लागतो आणि जे दाखवायचे ते राहून जाते. एकाच भिंतीत सांध्यांची संख्या वेगळी असलेले दोन भाग शेजारी ठेवू नयेत, हा धडा आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांनाही लागू आहे.

दुसरी मांडणी प्रिन्स्टनच्या रॉबर्ट मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याची, 1976 ची. त्यांनी छेदाचे प्लास्टिकचे मॉडेल केले, त्यावर भार टांगून ते भट्टीत तापवले आणि हळूहळू थंड केले. त्या भाराचे ताण प्लास्टिकमध्ये गोठून राहतात आणि ध्रुवित प्रकाशात रंगीत पट्ट्यांसारखे दिसतात. त्यांचे बोट मधल्या उभ्या खांबाकडे होते. वारा लागला की त्या खांबाच्या एका अंगाला ताण येतो, चुना ताण सोसत नाही, सांधे उघडतात, पाणी शिरते. एका वादळाने नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने खांब दुबळा होत गेला. अक्ष सरकलेला असल्याने त्याच्यापाशी शिलकीची जागा मुळात कमी होती.

आमचा कल दुसऱ्या मांडणीकडे आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी काय केले ते पाहिले की खांबांमधले अंतर आणि आधारांची विरळ मांडणी हा त्यांनाही मुख्य दोष वाटला असावा असे दिसते. त्यांनी उंची एक हातही कमी केली नाही. सरळ भागातल्या जुन्या खांबांच्या मधोमध नवे खांब घातले, तीन रुंद गाळ्यांचे (दोन खांबांमधल्या भागांचे) सहा अरुंद गाळे केले, आणि चार भागांच्या छतकमानीच्या जागी सहा भागांची बांधली. आज आत उभे राहिले की या गाळ्यांच्या कमानी विलक्षण अरुंद आणि उभट दिसतात; त्यांच्या वर भिंतीत जुन्या रुंद कमानींच्या खुणा ओळखता येतात. उंचीलाच दोष दिला असता तर त्यांनी छत खाली आणले असते.

25 ऑगस्ट

कलती फळी. संपूर्ण छेद एका बाजूला बिजागऱ्या असलेल्या फळीवर, दुसऱ्या बाजूला जॅक. फळी जितकी कलते तितका वजनाचा एक हिस्सा आडवा लागतो: 5 अंशांना सुमारे 9 टक्के, 10 अंशांना सुमारे 18 टक्के. हा हुबेहूब वारा नव्हे. वारा वरच्या भागावर जास्त, खाली कमी लागतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पण कोणता सांधा आधी उघडतो हे कळायला ही चाचणी उत्तम.

वाऱ्याच्या बाजूचा वरचा फ्लाइंग बट्रेस आधी सैल पडतो, पलीकडचा दाब घेतो. फ्लाइंग बट्रेस एकावर एक का ठेवतात याचे उत्तर इथे मिळते. खालचा छतकमानीचा कायमचा रेटा पेलतो. वरच्याचे काम वाऱ्याच्या दिवशी: छतकमानीच्याही वर चढलेल्या उंच, उतरत्या छपरावर वारा आदळतो तो भार बाहेर नेणे. एरवी तो स्वतःच्या वजनाने भिंतीला हलकेच टेकून असतो. तो जरुरीपेक्षा जड केला तर भिंतीलाच आत ढकलतो, म्हणून गवंड्यांनी तो शक्य तितका सडपातळ ठेवला.

आधारखांबांवरच्या टोकदार दगडी शिखरांबद्दल: ती शोभेची आहेत आणि वजनाचीही. वरच्या थरांवर दाब वाढवून ती तिथले दगड फ्लाइंग बट्रेसच्या रेट्याने घसरू देत नाहीत. शिखराचा ठोकळा काढून फळी कलवली की वरचा थर घसरताना दिसतो. पायथ्याशी मात्र त्याचा परिणाम नगण्य.

ठोकळे पडतात तेव्हा कोपरे फुटतात. खाली 50 मिलिमीटरचा फोम आणि समोर जाळी. बोटे फळीच्या आत घालायची नाहीत.

2 सप्टेंबर

लोखंडी टाय. बोव्हेच्या बाहेरच्या उभ्या खांबांना एकमेकांशी जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या होत्या. 1960 च्या दशकात त्या दिसायला वाईट आणि अनावश्यक समजून काढल्या गेल्या. वाऱ्यात इमारत डोलू लागली आणि पोलादी टाय पुन्हा बसवावे लागले. हा भाग आमच्या छेदात येत नाही, कारण ते टाय छेदाला काटकोनात, लांबीच्या दिशेने आहेत. त्यासाठी दोन आधारखांबांचा वेगळा लहान संच केला: तीन मिलिमीटरची पितळी तार, दोन्ही टोकांना वॉशर आणि बटरफ्लाय नट. नट हाताने टेकेपर्यंतच. जास्त आवळला की टाय खांबांना आत ओढतो आणि सांधे उलट बाजूने उघडतात.

याच्या शेजारी आमियेंची ओळ फलकावर घेतली. तिथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस मधल्या खांबांचा फुगवटा थांबवायला वरच्या मजल्यात लोखंडी साखळी घातली गेली. तापवून बसवली, थंड होताना ती आवळली गेली. ती अजून जागेवर आहे. जुन्या इमारतीतले लोखंड काढण्याआधी ते तिथे का आले हे शोधावे.

19 सप्टेंबर

1573 चा संच. याला छेद चालत नाही, तळनकाशा लागतो. मधल्या चौकाचे, म्हणजे क्वायर आणि ट्रान्सेप्ट जिथे मिळतात त्या जागेचे, चार खांब. पूर्वेला क्वायर, उत्तर-दक्षिणेला ट्रान्सेप्टचे बाहू, पश्चिमेला काहीच नाही. तीन बाजूंना कमानींच्या ओळी चौकाच्या खांबांना आतल्या दिशेने रेटून धरतात. चौथ्या बाजूला नेव्ह नसल्याने पश्चिमेकडच्या दोन खांबांवर चौकाच्या कमानींचा बाहेरचा रेटा येतो आणि त्याला उत्तर द्यायला कोणी नाही.

त्यावर 153 मीटरपर्यंत जाणारा दगड-लाकडाचा मनोरा. मॉडेलच्या प्रमाणात 3.8 मीटर, खोलीचे छत आड येते, म्हणून मनोऱ्याच्या जागी फक्त वजन ठेवले आणि उंचीची पट्टी जिन्यात लावली. मनोरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांतच, 1571 मध्ये, तपासणीसाठी आलेल्या बांधकाममास्तरांना पश्चिमेकडचे खांब ओळंब्यातून गेलेले आढळले. नेव्हचे पहिले गाळे बांधून टेकू द्या, असा सल्ला मिळाला. चर्चा लांबली. काम सुरू झाले ते एप्रिल 1573 मध्ये, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, लोक मिरवणुकीने बाहेर पडल्यावर मनोरा खाली आला.

संचात पश्चिमेला नेव्हचे दोन गाळे सुटे ठेवले आहेत. ते लावले की तेच वजन चौक निमूट पेलतो. काढले की पश्चिमेचे खांब बाहेर कलतात. सावकाश, आणि मग एकदम. 1284 मध्ये आधार होते पण विरळ आणि नाजूक. 1573 मध्ये एका बाजूला आधारच नव्हता. दोन्ही संच शेजारी ठेवायचे ते यासाठी.

अपुऱ्या कॅथेड्रलचे उदाहरण आपल्याकडेही आहे, म्हणून फलकाच्या तळाशी एक ओळ: ओल्ड गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या दर्शनी भागाचा एक मनोरा 1776 मध्ये पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. ती इमारत मध्ययुगीन नाही आणि तिची रचनाही वेगळी. पण मनोरा पडल्यावर तो पुन्हा बांधायचा की नाही, हा प्रश्न तोच.

5 ऑक्टोबर

आजच्या स्थितीचा फलक. ट्रान्सेप्टमध्ये 1990 च्या दशकात बसवलेले लाकूड-पोलादाचे प्रचंड टेकू आहेत. 2001 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने लेझर स्कॅनिंग करून इमारतीचे त्रिमितीय मोजमाप घेतले. जून 1940 च्या बॉम्बफेकीत भोवतालचे गाव बहुतांशी जळाले, कॅथेड्रल वाचले. काचचित्रे युद्धकाळात काढून ठेवण्याची पद्धत फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धापासूनच रुळली होती. आतल्या खगोलीय घड्याळाबद्दल (ऑग्युस्त व्हेरिते यांचे, 1860 च्या दशकातले) कोणी विचारले तर सांगायचे. फलकावर घेतले नाही.

12 ऑक्टोबर

वर्गात दाखवायचा क्रम, मॉडेल हाताळणाऱ्यांसाठी. सुरुवात साखळीने, साच्यावरून कमान सुटताना दाखवायची, सांध्यात कार्ड घालू द्यायचे. मग फोमचा खांब. त्यानंतर मधले जादा खांब न लावता पूर्ण भाराच्या पिशव्या टांगून कलती फळी, कोसळेपर्यंत. नंतर पिशव्यांतला भार निम्मा करून तीच चाचणी, कारण मधे नवा खांब आला म्हणजे प्रत्येक खांबाच्या वाट्याचे छत निम्मे झाले. चौकाचा संच शेवटी.

फळी कलवताना एकानेच जॅक फिरवायचा, दुसऱ्याने अंश मोठ्याने वाचायचे. पडल्यावर आधी क्रमांक जुळवायचे, फुटलेल्या कोपऱ्यांचे ठोकळे बाजूला काढायचे. तीन मिलिमीटरहून जास्त कोपरा गेलेला ठोकळा खांबात पुन्हा लावू नये, कमानीच्या भरावात चालेल. सुटे पॉलिशपेपर त्याच वेळी चिकटवायचे. ड आणि उ चे डबे वेगळे, मधल्या उभ्या खांबाचे ठोकळे तिसऱ्या डब्यात, त्यावर दोन अक्षांच्या लाल-निळ्या रेघांचा कागद. तो कागद हरवला तर नवे ठोकळे कापू नयेत; आधी ड्रॉइंग काढून सरक मोजून घ्यावी.